मलकारी मेट आणि चाळणीखालचं बी

भवानी पेठेत माझं बियाणांचं दुकान आहे. भाव करण्यात मला हरवणारा माणूस अजून त्या दुकानाची पायरी चढलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. दुकानाबाहेर मात्र एकानं मला हरवलं. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा त्याच्या हातात तराजू नव्हता, खिशात काही नव्हतं, आणि आवाज माझ्या निम्म्यानं होता. त्याचं नाव मलकारी. होटगीजवळच्या रेल्वेमार्गावर तो मेट होता, म्हणजे रूळ राखणाऱ्या दहा-बारा गँगमनांचा म्होरक्या. सगळे त्याला मलकारी मेटच म्हणत. त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो उतरावा म्हणून मी हे लिहायला बसलेलो नाही. पण होटगीच्या माळावर आज जो फुलोरा दिसतो तो पाहून लोक भलत्यांची नावं घेतात, कधी माझंही घेतात. दुसऱ्याच्या मालावर माझं नाव लावलेलं मला चालत नाही.

मेट उंचीनं बेताचा, रंगानं रुळाखालच्या डांबर लावलेल्या लाकडी स्लीपरसारखा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला गुंडाळलेली दोन निशाणं, एक लाल आणि एक हिरवं. रुळावर हातोडा टाकला की नुसत्या आवाजावरून तो कुठली खीळ सैल झाली आहे ते सांगायचा. त्याचं सगळं जग तारेच्या खांबांवर मांडलेलं होतं. बोर कुठं फुलली विचारलं तर "सातव्या खांबाला." मुलगी कुठं दिली विचारलं तर "अक्कलकोटात, देवळापासनं तीन खांब." तिथं खांब असोत नसोत. चहात साखर घालायचा नाही, चिमूटभर मीठ घालायचा. मधमाश्यांच्या एवढ्या मागे लागलेला माणूस, पण मधाचं बोटही त्यानं कधी चाटलेलं मी पाहिलं नाही. त्याच्या माळावरच्या पोळ्याला कुणी धूर लावायला गेलं की तो तिथं जाऊन नुसता उभा राहायचा. लावणाराच ओशाळून काडी टाकून द्यायचा.

बोलणं संपलं असं त्याला वाटलं की म्हणायचा, "साकु." कानडीत पुरे. तो साकु म्हणाला की त्यापुढे तुम्ही कितीही बोला, ते तुमचं तुम्हालाच ऐकू यायचं.

आणि त्याची सगळ्यात वाईट सवय. समोरचा माणूस चिडून ओरडायला लागला की मेट रुळापासून बाजूला झाल्यासारखा एक पाऊल मागे सरकायचा, हातोडा टेकवायचा आणि मालगाडी जाताना उभं राहावं तसा शांत उभा राहायचा. शेवटचा डबा गेला की पुढे यायचा.

ती सवय मी पहिल्याच दिवशी अनुभवली.

बहात्तरच्या दुष्काळात माळावर काही उरलं नव्हतं. तरवड चुलीत गेला, हिवराच्या फांद्या शेळ्यांना गेल्या, बोरी मुळापासून खणल्या गेल्या. माणसं खडी फोडून जगली. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, विहिरींना पाणी आलं, आणि मला संधी दिसली. दुष्काळात कांदा कुणी राखलाच नव्हता, त्यामुळे कांद्याच्या बियाला मागणी होती. मी होटगीच्या शिवारातल्या बारा शेतकऱ्यांना निवडक कांदे दिले. ते लावायचे, त्यांना डेंगळे येऊ द्यायचे, डेंगळ्याच्या टोकाला पांढरा गोंडा फुलतो त्यात बी धरलं की ते मला द्यायचं. अटी माझ्या. बांध कोरून स्वच्छ ठेवायचे. तणाची काडी दिसता कामा नये. गोंडा फुलला की किडीची पावडर धुरळायची.

या अटी उगीच नव्हत्या. मी माळशिरसकडून अनवाणी सोलापुरात आलो, बाजारात पोती वाहिली, मग सायकलवर पुड्या बांधून आठवड्याच्या बाजारांत बी विकलं. माझं नाव झालं ते एकाच गोष्टीवर. माझ्या पुडीत तणाचा एक दाणा सापडत नसे. तीन चाळण्या मारल्याशिवाय माझं बी पुडीत जात नसे.

गोंडे असे आले की बघत राहावं. पौषात सगळं शिवार पांढरं झालं. मी सोलापुरातल्या चार व्यापाऱ्यांना मुद्दाम आणून दाखवलं. चैत्रात गौरव्वाच्या खळ्यावर पहिले गोंडे झोडपले. गौरव्वा ही त्या बारा जणांतली एकटी बाई. नवरा सोलापूरच्या गिरणीत, शेती ती पाहायची. सूप वाऱ्यावर धरलं आणि गोंड्यांचं सगळं फोलपट उडून गेलं. सुपात मूठभरही बी राहिलं नाही.

"बी कुठं गेलं?" मी ओरडलो.

"मला काय इचारता?" गौरव्वा म्हणाली. "कांदं तुमचं, पावडर तुमची, अटी तुमच्या. माझं निस्तं पाणी व्हतं. पाण्यात खोट असंल तर हिरीत उतरून बघा की."

मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला. बाकीच्या अकरा जणांवरही घेतला, ते तिथं नसताना. तोंडाला येईल ते बोललो. बोलता बोलता लक्षात आलं की बांधावर एक माणूस हातोडा टेकवून उभा आहे आणि गौरव्वाला हातानं दमानं घे म्हणून खुणावतो आहे.

"मालगाडी हाय," तो तिला म्हणाला. "लांब हाय. जाऊ दे."

मी थांबलो. त्यानं विचारलं, "झाली का पास?"

"कोण रे तू?"

"रेलवेचा."

"मग रूळ बघ जा."

"बघूनच आलो. बीवाले, पौषात ह्या गोंड्यांवर माश्या किती बसत व्हत्या?"

"मी बी विकतो. माश्या नाही विकत."

"म्हणून तर फोलपट निघालं," मेट म्हणाला. "बर्री, या. दावतो."

मी त्याला अरेतुरे करत होतो, तो मला तुमी म्हणत होता. शेवटपर्यंत असंच राहिलं.

रुळाच्या कडेनं पायवाट होती. तो पुढे, मी मागे. एका खांबाजवळ तो वाट सोडून खाली उतरला, तीन पावलं बाजूनं चालला आणि पुन्हा वाटेवर आला. मी सरळ जायला लागलो तर मागे न बघता म्हणाला, "बाजूनं." मला वाटलं तिथं कुणी गाडीखाली गेलं असेल, काही पाळत असेल. मी उतरलो. आपल्याला काय करायचंय.

गँगच्या चाळीमागे, भांडी घासल्याचं पाणी जायचं तिथं कांद्याचे पाच डेंगळे उभे होते. त्यानं एक गोंडा तोडून माझ्या तळहातावर चोळला. काळं, टपोरं बी पडलं. मी नखानं दाबलं, दातानं फोडलं. आत भरलेलं. बी मला कळतं. तसलं बी मी त्या वर्षी कुठं पाहिलं नव्हतं.

"कांदे कुठले?" मी विचारलं.

"तुमचंच. गौरव्वानं लावून उरलेलं पाच मला दिलं व्हतं."

पाचवा गोंडा धोतराच्या फडक्यात बांधलेला होता. तो त्यानं माझ्याकडूनच सोडवून घेतला. चोळला तर निव्वळ फोलपट.

"ह्याला मी माशी लागू दिली न्हाय," तो म्हणाला. "तुमी बारा शेतांत पावडर उडवायला लागला तवाच बांधला. म्हटलं, बघू तरी."

मग त्यानं मला रुळाकडेचा त्याचा मुलूख दाखवला. रुळापासून ठरलेल्या अंतरापर्यंत गवताचं पातं तो वाढू देत नसे, त्यात तो साहेबांपेक्षा कडक. पण त्यापलीकडे तारेच्या कुंपणापर्यंतचा जो पट्टा होता, तिथं दुष्काळातही शेळ्या शिरल्या नव्हत्या, कुऱ्हाड शिरली नव्हती. तिथलं गवत तो बी गळून पडल्यावरच कापायचा. पिवळाधमक तरवड, रानतुळस, हिवर, बोर, कुर्डू, आणखी किती तरी तण, ज्याला मी जन्मभर कचरा म्हणत आलो. तरवडाच्या फांदीवर तळहाताएवढं फुलोरी माशीचं पोळं. रुळाखालून पाणी जायच्या मोरीच्या दगडांच्या सांध्यात पोया माशी, जिला नांगीच नसते, मेणाची बारीक नळी काढून राहिलेली. काढून टाकलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांचा ढीग होता, त्यात काळ्या भुंग्यांनी बोट जाईल एवढी भोकं पाडली होती. ते स्लीपर थंडीत जाळायला मेट गँगमनांना हात लावू देत नसे.

"आन् तो खांब?" मी विचारलं. "जिथं तू वाट सोडलीस?"

तो मला परत तिथं घेऊन गेला आणि उकिडवा बसला. घट्ट तुडवलेल्या मातीत उदबत्तीची काडी जाईल एवढी भोकं होती, शंभरेक असतील. एक बारकी करडी माशी आली, पायांना पिवळी भुकटी माखलेली, आणि एका भोकात शिरली.

"ह्यांना मोहोळ नसतंय, मध नसतोय. एकेकटी ऱ्हाती. आमी बिळातली म्हंतो. कांद्यावर हीच लई येती. तुमी बांध कोरता न्हवं, तवा हिचं घरच कोरता."

मी आत आत चरफडत होतो. माझ्या अटींनीच माझं बी गेलं होतं. आणि माझ्यासमोर प्रश्न उभा होता तो हा की पुढच्या वर्षीही असंच झालं तर भवानी पेठेत माझं दुकान राहणार नाही. बाजारात बी नसलेल्या बीवाल्याला कोण विचारतो? मला पुन्हा पोती उचलावी लागली असती. म्हणून मी तिथंच सौद्याला बसलो.

"बोल. काय पाहिजे तुला?"

"मला काय नगं. गावाच्या गायरानात फुलं पायजेत. रुळाकडंचा पट्टा बारा शेतांना पुरत न्हाय. तुमी चाळता न्हवं बी? चाळणीखाली काय पडतंय?"

"तण. कचरा. गटारीत टाकतो."

"ते मला द्या."

मी आयुष्यात कुणाला फुकट काही दिलेलं नाही. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काय भाव देशील?"

"गटारीनं काय दिला व्हता?" मेट म्हणाला.

ही माझी पहिली हार. पुढच्या आठवड्यात मी चाळणीखालच्या बियाचं पोतं घेऊन सकाळच्या पॅसेंजरनं होटगीला उतरलो. ज्या तणाच्या दाण्याला पुडीतून हाकलून मी मोठा झालो, तोच दाणा वाहून आणत होतो. मेटनं पोतं चटईवर ओतलं आणि निवडायला बसला. एक दाणा त्याला पसंत नव्हता. गाजरगवत तेव्हा नुकतंच इकडे दिसायला लागलं होतं. "हे नगं. जनावर तोंड लावत न्हाय, आन् शेजारी कुणाला उगवू देत न्हाय," म्हणत त्यानं ते एकेक वेचून चुलीत टाकलं. पुढे मी माळशिरस, सांगोल्याच्या बाजारांना जाई तेव्हा तिकडच्या माळांवरून तरवडाच्या शेंगा, रानतुळशीच्या मंजिऱ्या गोळा करून आणू लागलो. माझ्यावर हसणाऱ्यांशी मी भांडलो. पण आणलं.

दुसरी हार गायरानाची. गायरानात मेंढ्या चरायच्या. बिरू धनगराचा कळप त्यात सगळ्यात मोठा. निंबाच्या पारावर बैठक बसली. मेटनं माळ फुलू द्यायचा म्हणताच बिरू उठून उभा राहिला.

"म्हंजे माश्यांनी खायाचं आन् माझ्या मेंढरांनी उपाशी मरायचं? मेट, तू पगार खातूस. मेंढरू काय खातंय ते ठाव हाय का तुला?"

मेट माझ्या कानाशी म्हणाला, "आता तुमी भांडा. तुमाला येतंय."

मी भांडलो. दोन तास. पाराच्या निंबाची पानं गळतील असा भांडलो. आणि सौदा जुळवला, तो माझाच. गायरानाचे तीन भाग करायचे. एक भाग फुलून बी गळेपर्यंत बंद, बाकीचे दोन चरायला मोकळे, दर वर्षी बंद भाग फिरता. त्याच्या बदल्यात बारा शेतकऱ्यांनी पीक निघालं की बिरूचा कळप खतासाठी आपल्या रानात बसवायचा आणि मेंढ्या बसवण्याचं धान्य दुसऱ्या कुणाला न देता त्यालाच द्यायचं. बिरूनं मान डोलावली. तेव्हा मी हळूच माझा मुद्दा पुढे सरकवला. बंद भाग ग्रामपंचायतीकडून मी खंडानं घेतो, म्हणजे त्याची राखण माझी आणि त्या फुलांवर पिकणारं बीही माझंच.

"न्हाय," मेट म्हणाला.

"का नाही? मी पैसे मोजतो."

"आज तुमी मोजताल. फुडल्या साली दुसरा जास्ती मोजंल, आन् सगळं कापून न्हील. गायरान गावाचंच ऱ्हाऊ द्या. आन् बीवाले, माशीला कुंपण कसं घालणार? ती तुमच्या समोरच्या दुकानदाराच्या कांद्यावर बसली तर भांडायला जाणार का?"

पारावर हशा पिकला. त्या व्यापाऱ्याचं दुकान माझ्या दुकानासमोरच आहे, आणि तोही होटगीकडेच बी धरवतो. माझ्या भांडणातून राखलेल्या माळावरच्या माश्या आजतागायत त्याचंही बी भरतात. फुकट. याचा विचार आला की मला अजून जेवण जात नाही.

बंद भाग कुठला ते लोकांना कळावं म्हणून मेटनं त्याच्या डोक्यानं उपाय काढला. बंद भागाच्या चार कोपऱ्यांना लाल फडकी, उघड्या भागांना हिरवी. लाल दिसलं की थांबायचं. मेंढरं नव्हे, पण माणसं थांबायला लागली. पंधरा दिवस सगळं नीट चाललं. मग एके दिवशी सकाळी एक मालगाडी होटगीच्या अलीकडे करकचून ब्रेक लावून थांबली. ड्रायव्हरनं वळणावरून लाल निशाण पाहिलं होतं. तो खाली उतरून रूळ तपासत आला तर समोर तरवड फुललेला आणि त्याच्यामागे बिरू मेंढ्या घेऊन उभा.

"काय झालंय पुढं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"फुलं आल्याती," बिरू म्हणाला.

मेटला साहेबांपुढे उभं राहावं लागलं. तिथं काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. परत आला तो थेट बिरूकडे गेला आणि म्हणाला, "लाल नगं. दुसरा रंग सांग." बिरू धनगर, तो भंडाऱ्याचाच रंग सांगणार. पिवळी निशाणं लागली. आणि झालं असं की लाल निशाणाला जे दबकत होते ते पिवळ्याच्या पाया पडू लागले. कोणी नारळ ठेवला, कोणी हळद वाहिली. मेट वैतागायचा. "देव नगं म्हटलं व्हतं मी. राखण पायजे व्हती." पण नारळ उचलून गँगला वाटून टाकायचा आणि निशाण काढायचा नाही.

दुसऱ्या वर्षी बांध कुणी कोरले नाहीत, शेताच्या कडांना शेपू-धन्याच्या ओळी लावल्या. पौषात मी रोज पॅसेंजरनं येऊन एका गोंड्यासमोर बसायचो आणि चहाचा कप संपेपर्यंत किती माश्या येतात ते मोजायचो. मेट यायचा, त्याच्या खारट चहाचा कप घेऊन शेजारी बसायचा, आकडा विचारायचा आणि "हं" म्हणून निघून जायचा. त्या साली निम्मे गोंडे भरले. तिसऱ्या वर्षी माघात शिवारात उभं राहिलं की कानात घूं घूं होत असे. मी मोजणं सोडून दिलं. बोटं पुरत नव्हती.

आणि त्याच वर्षी फूलकिडे पडले.

गोंड्यांच्या कळ्या तांबूस पडून वाळायला लागल्या. आधीच्या दोन वर्षांत माझी निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली होती. हे पीक गेलं तर कुलूप, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी घाबरलो, असं लिहायला हरकत नाही. सकाळच्या पॅसेंजरनं पावडरीचं पोतं घेऊन आलो. स्टेशनावर बैलगाडी मिळाली नाही, तर पोतं पाठीवर मारलं आणि दोन मैल चालत गौरव्वाच्या बांधावर आलो. ऊन चढत होतं, माश्या भरात होत्या. पोतं फोडणार तोच समोर लाल निशाण आलं. मेटनं ते दोन्ही हातांनी आडवं धरलं होतं, गाडीपुढे धरतात तसं.

"बाजूला हो," मी म्हणालो.

"न्हाय."

"ही रेल्वे नाही, मेट."

"म्हणून तर शिट्टी न देता आलाव."

मग मी सुटलो. पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्या माणसाला बुडणं काय कळणार, असं म्हणालो. त्याच्या माश्यांना, त्याच्या निशाणांना, त्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवली. बाराही शेतकरी जमले. मेट एक पाऊल मागे सरकला, पण निशाण खाली घेतलं नाही.

"मेटमामा," गौरव्वा म्हणाली, "आज गाडीला डबं लई हायती की."

सगळे हसले. माझे डबे संपले. मेट पुढे आला.

"बीवाले, आत्ता पावडर मारली तर किडा मरंल, माशी बी मरंल. किडा पंधरा दिसांत परत येतोय. माशी यायला किती दीस लागलं, ते मी न्हाय मोजलं. तुमी मोजलंय."

ते खरं होतं. मला ते माहीत होतं. एखादी गोष्ट मनात माहीत असणं वेगळं आणि बारा माणसांसमोर ऐकावी लागणं वेगळं.

"मग करायचं काय? बघत बसायचं?"

"तंबाखूचं पाणी मारू. दीस बुडताना, माशी घरला गेल्यावर. थोडं जाईल, थोडं ऱ्हाईल."

"आणि हे पोतं?"

"तुमी आणलं, तुमीच न्या. हितं ठिवलं तर कुणाचा तरी हात जाईल."

मी पोतं पाठीवर घेतलं. विसाव्या वर्षी मी बाजारात शेवटचं पोतं टाकलं होतं तेव्हा स्वतःशी ठरवलं होतं की परत कुणाच्या सांगण्यावरून पाठीला पोतं लावणार नाही. सकाळी आणलं ते माझ्या मर्जीनं. आता नेत होतो ते त्याच्या हुकमानं, आणि बारा माणसं पाहत होती. मेट माझ्या मागे मागे स्टेशनापर्यंत आला. खांद्यावर त्याचा हातोडा, बाकी हात मोकळे. पोत्याला त्यानं हात लावला नाही. घामानं माझ्या डोळ्यांपुढे दिसेनासं झालं होतं. त्या खांबाजवळ आलो तेव्हा मागून आवाज आला.

"बाजूनं."

आणि मी ते ओझं घेऊन वाट सोडून खाली उतरलो, तीन पावलं बाजूनं चाललो आणि वर चढलो.

ही तिसरी हार, आणि हा माझा राग. बाकीचं मी विसरू शकतो, हे नाही.

बाराही शेतांत रोज दिवस मावळताना तंबाखूचं पाणी मारलं. हंड्यांतून, झाडूंनी, बायका-पुरुष सगळ्यांनी. एक तृतीयांश गोंडे गेलेच. उरलेले असे भरले की चैत्रात गौरव्वाच्या खळ्यावर सूप जड लागत होतं. तिनं काळ्या बियांची ओंजळ भरून माझ्या हातात ओतली आणि म्हणाली, "इचारा आता, बी कुटं गेलं." त्या ओंजळीतून माझं दुकान परत उभं राहिलं. ते कुणी नाकारत नाही, मीही नाही.

मेट त्या दिवशी खळ्यावर आला, बी मुठीत घेऊन पाहिलं, परत टाकलं, साकु म्हणाला आणि निघून गेला. बघा, मी म्हणत नव्हतो का, असं एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतर वर्षभर मी त्याच्याकडून एकच गोष्ट मिळवायच्या मागे होतो. त्यानं म्हणावं, त्या दिवशी माझं चुकलं. पावडर अडवली ते ठीक. पोतं न्यायला लावलं ते चुकलं. भाव करायची माझी सगळी कला मी पणाला लावली. गोड बोललो, रुसलो, चहात मीठ घालून प्यालो.

"मेट, एवढं म्हण. चुकलं."

"कुणाचं?"

"तुझं. पोत्याचं."

"पोतं जड व्हतं का?"

"होतं!"

"म्हंजे पावडर लई व्हती," तो म्हणाला. "बरं झालं परत गेली."

पुढे तो निवृत्त झाला. हातोडा आणि दोन निशाणं त्यानं परत केली, गँगनं नारळ आणि धोतराचं पान दिलं, आणि तो अक्कलकोटला मुलीकडे राहायला गेला. जायच्या आधी पिवळी निशाणं त्यानं गौरव्वाच्या आणि बिरूच्या हवाली केली. दोघांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून दोघांच्या. एकानं कुचराई केली तर दुसरा ओरडणार, एवढं त्याला पुरे होतं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते आषाढात. नेहमीप्रमाणे चाळणीखालच्या बियाचं पोतं घेऊन होटगीला उतरलो होतो. समोरच्या फलाटावर अक्कलकोटकडची गाडी लागली आणि तिच्यातून मेट उतरला. निशाणं कुणी बदलली की नाही ते बघायला आला असणार. खांद्यावर हातोडा नव्हता, तरी तो खांदा अजून खाली झुकलेला होता, हातोडा असल्यासारखा. तो माझ्याकडे आला. माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. मी पोतं फलाटावर टेकवून उभा होतो.

तो वाकला, पोत्याचे दोन कान धरले आणि ते पाठीवर घेतलं.

"राहू दे," मी म्हणालो. खरंच म्हणालो. त्याचं वय झालं होतं.

"साकु," मेट म्हणाला आणि चालायला लागला.

मी त्याच्या मागे निघालो, पण दहा पावलांचं अंतर ठेवून. रुळाकडेची पायवाट ओली होती. लांब गायरानात पिवळं निशाण दिसत होतं आणि त्याच्याखाली तरवडाला पहिल्या कळ्या आलेल्या. तो खांब जवळ येऊ लागला. एवढी वर्षं जो त्याला ऐकवायची मी वाट पाहिली तो एक शब्द, 'बाजूनं', माझ्या जिभेवर आला होता. मी तोंड उघडलं.

मेट ओझ्यासकट वाट सोडून खाली उतरला, तीन पावलं बाजूनं चालला आणि पुन्हा वर चढला. मला म्हणायची वेळच त्यानं येऊ दिली नाही.